जागा मोजताना

पहिली होडी येलदरीला, उस्मानचाचांच्या अंगणात,
दोन टायरांवर बसवलेली,
वर गोधडी वाळत घातलेली.
फायबरची. निळी. कडेला पांढऱ्या अक्षरांत 'सुलताना',
पण उकार घासून गेलेला, म्हणून नुसतीच 'सलताना'.
चाचांनी इंजिन काढून पाण्याच्या टिपाडात उभं केलं,
दोरी ओढली. एकदा. दोनदा.
तिसऱ्यांदा ओठावर आलेली शिवी
आमच्या आईकडं बघून गिळली,
आणि ते सुरू झालं.
टिपाडातलं पाणी उसळून बापूंच्या पायजम्यावर.
"पंधरा वर्षांत एकदा बंद पडली नाही," चाचा म्हणाले.
"पडली होती की," त्यांचा नातू म्हणाला, "खालाच्या लग्नात."
त्याला घरात पाठवण्यात आलं.

दुसरी सिद्धेश्वरच्या काठाला, पाण्यातच,
बाभळीच्या खुंटाला बांधलेली. लिंबाजी भोयाची.
पत्र्याची, आणि तिला शेतातलं डिझेल इंजिन,
त्याला हातभर, मग अजून हातभर जोडलेला दांडा.
सुरू केली की वाटावं
पिठाची गिरणी तळ्यावर फिरायला निघाली.
तळाला डांबर, डांबरावर डांबर.
एक पाय ठेवला की कलते,
दुसरा ठेवला की विचार बदलते.
बापूंनी विचारलं, गळते का?
लिंबाजी बराच वेळ पाण्याकडं बघत राहिला.
"होडी हाय. थोडं पाणी घेतीच."
आणि कान तुटलेला डालड्याचा डबा दाखवला,
उपसायचा:
"ह्यो होडीसंगं फुकट."

मग घरी आठ-नऊ रात्री तेच.
काका निळीच्या बाजूनं, कारण हलकी, कारण दिसायला बरी,
कारण पलीकडच्या काठाला त्यांची सासुरवाडी.
बापू पत्र्याच्या बाजूनं, कारण डिझेल इंजिन
त्यांना डोळे मिटून खोलता येतं,
कारण पस्तीस हजार वाचतात,
आणि त्या पस्तीस हजारांत...
इथं माझ्याकडं बघून थांबायचे.
जिंतूरला कॉलेजात मला जायचं होतं.
रस्त्यानं अडतीस किलोमीटरचा फेरा, पाण्यावरून पंचवीस मिनिटं.
मला पोहता येत नाही
हे कुणीच हिशोबात धरलं नव्हतं. मीही नाही.

आई काही बोलली नाही. एका बुधवारी म्हणाली,
चला, सगळे चला.
उस्मानचाचांच्या अंगणात गोधडी बाजूला केली
आणि स्वतः आत जाऊन बसली. "बसा."
बापू, काका, काकू, काकूच्या मांडीवर बाळ्या,
शेजारी त्याची बहीण, शेवटी मी.
भर दुपारी, कोरड्यात, टायरांवर,
खालून कोंबड्या ये-जा करताहेत
आणि आम्ही सगळे समोर बघत, जणू निघालोच.
जागा सहा. सहाही भरल्या.
आईनं गुडघे एका अंगाला घेतले, पदर गोळा केला,
वीतभर फळी मोकळी झाली, तिच्यावर हात ठेवला.
"हितं रामकिशन."

रामकिशन चाकणला. दोन वर्षं.
गाड्यांच्या काचा पुसायच्या दांड्या बनवणाऱ्या कंपनीत.
"बसंल की," चाचा म्हणाले, "दाटीवाटीनं."
"दाटीनं बसायला," आई म्हणाली, "तो येतो का इतक्या लांबून?"
चाचांनी गोधडी परत अंथरली. चहा मात्र पाजलाच.

आता पत्र्याची आमच्या काठाला असते.
तिची मधली फळी लांबलचक,
उजव्या टोकाला आई कुणाला बसू देत नाही.
तिथं दुधाचे कॅन जातात, कडब्याची पेंढी,
एकदा काकूच्या माहेरची शेळी गेली, उभ्यानं.
मी रोज मधोमध, दोन्ही हातांनी फळी धरून.
अजून पोहता येत नाही.

दिवाळीला तो आला.
येलदरीच्या काठावरून पाय न भिजवता उडी मारून चढला
आणि पुढं टोकाला जाऊन उभा राहिला, मोबाईल धरून,
धरणाचं, आमचं, इंजिनाचं शूटिंग करत.
"बस की," आई म्हणाली.
थोड्या वेळानं पुन्हा, "बस की रे."
गिरणीच्या आवाजात त्याला ऐकू गेलं नसेल.
आईनं डबा घेतला.
पायाशी आलेलं पाणी उपसू लागली.